दोनशे रुपयांच्या अलीकडचे प्रेक्षक

ऑगस्ट २०२५ मध्ये महादेवपुरा हे नाव मतदारयाद्यांच्या वादामुळे देशभर पोहोचले. बेंगळूरुच्या पूर्व भागातील हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००७ पर्यंत तेथे स्वतंत्र नगरपालिका होती; नंतर तो भाग महानगरात विलीन झाला आणि माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीबरोबर त्याचा चेहरा पार बदलला. हुडी, गरुडाचारपाळ्य, दोड्डनेकुंदी ही एके काळची खेडी आता काचेच्या इमारतींच्या मधोमध उरली आहेत. त्यांच्या अरुंद गल्ल्यांत बांधकाम मजूर, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि दुचाकीवरून जेवण पोहोचवणारे तरुण राहतात. रस्त्यापलीकडे त्यांच्या श्रमावर चालणाऱ्या वसाहती आहेत. याच रस्त्यावर, मेट्रो स्थानकाला लागून, २०११ पासून शहरातील सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक उभा आहे आणि त्यात मल्टिप्लेक्स आहे.

मतदारयादीत कोणाचे नाव असावे यावर देशाने वाद घातला, हे योग्यच झाले. पण त्या मल्टिप्लेक्सच्या अंधारात कोण बसू शकतो, हा प्रश्नही वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. कर्नाटक सरकारने तिकिटाच्या कमाल दराचा नियम करून तो राजपत्रात आणला, आणि काही आठवड्यांत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. लोकप्रिय करमणूक आणि सामाजिक वर्ग यांच्या नात्याची इतकी उघड चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. म्हणून या प्रकरणाकडे केवळ दरवादाच्या पलीकडे जाऊन पाहिले पाहिजे.

घटनाक्रम थोडक्यात असा. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी राज्यातील सर्व चित्रपटगृहांत तिकिटाचा दर दोनशे रुपयांवर जाऊ दिला जाणार नाही, असे जाहीर केले. १२ सप्टेंबरला सुधारित नियम अधिसूचित झाले. दर कर वगळून दोनशे. आणि ७५ किंवा त्याहून कमी आसनांच्या, खास सुविधा असलेल्या पडद्यांना सूट. मल्टिप्लेक्स मालकांची संघटना, सर्वांत मोठी प्रदर्शक कंपनी आणि ‘केजीएफ’ व ‘कांतारा’ या चित्रपटांची निर्माती संस्था उच्च न्यायालयात गेल्या. २३ सप्टेंबरला एकसदस्यीय पीठाने नियमांना स्थगिती दिली. आठवड्याभराने खंडपीठाने, सरकार अखेरीस जिंकले तर प्रेक्षकांना जादा पैसे परत करता यावेत म्हणून, विकलेल्या प्रत्येक तिकिटाचा तपशीलवार हिशेब ठेवण्याची अट घातली. ३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीलाही स्थगिती दिली. मात्र त्या सुनावणीत न्यायमूर्ती विक्रम नाथ यांनी शंभर रुपयांची पाण्याची बाटली आणि सातशे रुपयांची कॉफी यांचा उल्लेख करून, दर रास्त ठेवले नाहीत तर चित्रपटगृहे रिकामी पडतील, अशी समज दिली. मे २०१७ मध्येही याच मुख्यमंत्र्यांच्या सरकारने दोनशे रुपयांची मर्यादा घातली होती. तिलाही न्यायालयात आव्हान मिळाले आणि ती टिकली नाही.

आता थोडे गणित करू. दोनशे रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर तिकीट २३६ रुपयांना पडते. चौघांच्या कुटुंबाला ९४४ रुपये. रोजगार हमी योजनेखाली कर्नाटकात २०२५-२६ साठी ठरलेली मजुरी रोजची ३७० रुपये आहे. हा दर ग्रामीण भागाचा आहे आणि शहरातील मजूर त्याहून अधिक मिळवतो, हे खरे. पण श्रमाचे मोल सरकार स्वतः किती मानते याचे ते एक माप आहे. या मापाने सरकारी मर्यादेत बसणारे चित्रपटदर्शनही अडीच दिवसांहून अधिक मजुरी खाते. प्रत्यक्ष बाजारात काय चालते? देशातील आघाडीच्या मल्टिप्लेक्स कंपनीचे अलीकडच्या वर्षांतील सरासरी तिकीट सुमारे २६० रुपये आणि खाद्यपेयांवरील दरडोई खर्च सुमारे १३० रुपये आहे. म्हणजे चौघांचे साधारण दीड हजार. मजुरीचे चार दिवस.

याच सप्टेंबरात केंद्रीय पातळीवर आणखी एक बदल झाला, त्याची फारशी चर्चा झाली नाही. २२ सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शंभराच्या वरचा १८ टक्केच राहिला. म्हणजे भारतीय करव्यवस्थेच्या मते सामान्य माणसाचे तिकीट शंभर रुपयांचे आणि कर्नाटक सरकारच्या मते दोनशेचे. या दोन आकड्यांमध्ये एक संपूर्ण वर्ग उभा आहे. शंभराच्या दराने चौघांना करासह ४२० रुपये लागतात, जवळपास एका दिवसाच्या मजुरीइतके. दोनशेच्या मर्यादेने कनिष्ठ मध्यमवर्गाला दिलासा मिळाला असता, यात शंका नाही, आणि तो काही लहान लाभ नाही. हुडीच्या गल्लीतला माणूस मात्र मर्यादा लागू झाली असती तरी बाहेरच राहिला असता.

या बाहेर राहण्याला इतिहास आहे. आपल्याकडे रंगमंचाला दीर्घकाळ आश्रय होता तो दरबाराचा, देवळाचा आणि गावजत्रेचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले ते संस्थानिकाच्या आश्रयाने. दहा वर्षांनी त्यांची मंडळी मुंबईत आली तेव्हा तेथे प्रेक्षक तिकीट घेऊन येणारा होता. तिकीट ही तेव्हा मोठी मुक्ती होती. दरबारात बोलावणे लागे, देवळात जात आडवी येई. तिकिटाच्या खिडकीवर फक्त नाणे पाहिले जाई. म्हणूनच मराठी नाटकात ‘पिटातला प्रेक्षक’ नावाची शक्ती जन्मली. स्वस्त दरात समोर बसणारा, पसंती टाळीने आणि नापसंती शिटीने सांगणारा हा प्रेक्षक नटांना धाक घालीत असे आणि नाटक कंपन्यांचे पोटही भरीत असे. कन्नड भाषेत पडद्याजवळच्या स्वस्त बाकांना ‘गांधी क्लास’ म्हणत. गांधीजी तिसऱ्या वर्गाने प्रवास करीत, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. उपहास आणि आपुलकी दोन्ही त्यात आहेत.

या व्यवस्थेला समतेचे नंदनवन मानण्याचे कारण नाही. बाल्कनीचा जिना वेगळा होता, खुर्ची वेगळी होती, आणि पुढच्या बाकांवर ढेकूण होते. पण छप्पर एक होते. सर्व जातींचे लोक एकाच छपराखाली एकत्र बसले ते प्रथम चित्रपटगृहात, असे निरीक्षण अभ्यासक कार्तिगेसु शिवतंबी यांनी तमिळ समाजाविषयी नोंदवले आहे. दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२७-२८ मध्ये देशभर फिरून चित्रपटव्यवसायाची चौकशी केली, तेव्हाही कोणत्या थरातले लोक कोणते चित्रपट पाहतात हा तिच्या प्रश्नांचा एक मुख्य धागा होता. त्या काळच्या राज्यकर्त्यांना अशिक्षित प्रेक्षकाच्या मनावर पडद्याचा काय परिणाम होईल याची चिंता वाटे. त्या चिंतेत एक कबुलीही होती: हा प्रेक्षक तेथे आहे आणि त्याचे वजन आहे. मल्टिप्लेक्सने हा प्रश्नच निकालात काढला. पूर्वी वर्गभेद रांगांमध्ये होता; आता तो दाराशी संपतो.

महादेवपुऱ्याची कथा येथे थेट मुंबईच्या गिरणगावाशी जुळते, आणि मराठी वाचकाने ती लक्षपूर्वक वाचावी. महादेवपुऱ्यातील मॉल ज्या उद्योगसमूहाचा आहे, त्याच्या मूळ कंपनीचे नाव आजही ‘फिनिक्स मिल्स’ असे आहे. १९०५ मध्ये सुरू झालेली ही लोअर परळची कापडगिरणी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्सच्या आवारात प्रथम बोलिंगचा खेळ आणि मग मॉल आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी असे सूत्र होते. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले आणि सार्वजनिक हिस्सा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. परळच्या जमिनीवर जे प्रारूप तयार झाले, तेच पुण्यात, चेन्नईत आणि महादेवपुऱ्यात गेले. २०१७ मध्ये कॅनडातील नोकरदारांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद करणाऱ्या निधीने महादेवपुऱ्याच्या मॉलची मालकी असलेल्या कंपनीत भांडवल घातले. एका देशातील कामगारांच्या म्हातारपणाची सोय दुसऱ्या देशातील अशा करमणूक केंद्रातून होते, ज्यात तेथल्या कामगाराला शिरणे परवडत नाही. जागतिक अर्थव्यवस्थेचे हे एक छोटे, पण नेमके चित्र आहे.

गिरणगावाने मात्र मुंबईला केवळ कापड दिले नाही. परळला सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारलेल्या दामोदर हॉलच्या रंगमंचावर दिवसा साचा चालवणारे लोक रात्री नाटक करीत. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले ते याच वस्तीच्या जोरावर, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज तेथूनच घुमला. लालबागचे ‘भारतमाता’ अनेक दशके मराठी चित्रपटाचे हक्काचे घर होते. गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला. त्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. सुशिक्षितांनी त्यांना चावट ठरवले. पण अर्ध्या चड्डीतला, नाडी लोंबणारा, साहेबाला शब्दांत पकडणारा नायक पडद्यावर टिकला, कारण त्याच्यासाठी रांग लावणारा प्रेक्षक स्वतःच्या पैशाने तिकीट काढू शकत होता. श्रमिकांच्या हाती पैसा आणि शेजारी चित्रपटगृह असले की अभिरुचीच्या बाजारात त्यांना मत मिळते. दोन्ही गेले की मतही जाते.

यात सरकारचा हात किती होता, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कारण ‘बाजाराने असे केले’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. १९२३ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात करमणूक कर सुरू झाला. पुढे मुंबईत एकपडदा चित्रपटगृहाच्या तिकिटावर तो ४५ टक्क्यांपर्यंत होता. २००१ मध्ये महाराष्ट्राने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे हा कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षे केवळ चौथा हिस्सा घेतला. गुंतवणूक यावी हा हेतू होता आणि ती आलीही. पण परिणाम असा झाला की ढेकणांच्या बाकावर बसणारा प्रेक्षक पूर्ण कर भरीत होता, आणि वातानुकूलित सभागृहात दुप्पट-तिप्पट दर देणाऱ्याच्या तिकिटातील कर मालकाच्या खिशात राहत होता. जुनी चित्रपटगृहे बंद पडली त्याला प्रेक्षकांची बदललेली आवड जबाबदार होती, तशीच ही करनीतीही होती.

करमणुकीबाबतच्या आपल्या कायद्यांत हा कल जुना आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. पुढे सुधारणेची समिती नेमून, खेळ तपासून, तो ‘शुद्ध’ स्वरूपात परत आला. २००५ मध्ये महाराष्ट्राने बारमधील नृत्यावर बंदी घातली, पण तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना वगळले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरवली. निकालाचा गाभा असा की जी गोष्ट स्वस्त जागी अनैतिक आहे ती महागड्या जागी नैतिक होत नाही. नीतिमत्ता पाहणाऱ्याच्या उत्पन्नावर ठरू शकत नाही. आता कर्नाटकाच्या २०२५ च्या नियमांकडे पुन्हा पाहा. उद्देश अगदी उलटा आहे, गरिबांच्या बाजूचा आहे. तरी त्यात ७५ आसनांच्या ऐषारामी पडद्यांचा अपवाद आहेच. आपले कायदे सामान्यांची करमणूक आवरायला निघोत की स्वस्त करायला, उच्चभ्रूंसाठी एक दार ते उघडे ठेवतातच. या अपवादाचा व्यवहारातला अर्थही स्पष्ट आहे. मर्यादा टिकली तर मोठी सभागृहे तोडून पंचाहत्तर आसनांची केली जातील, आणि स्वस्त जागा आहेत त्याहून कमी होतील.

दाराशी होणारी निवड नेहमी पैशानेच होते असेही नाही. जुलै २०२४ मध्ये बेंगळूरुच्या मागडी रस्त्यावरील एका मॉलमध्ये हावेरी जिल्ह्यातून मुलाकडे आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला धोतर नेसल्यामुळे आत सोडले नाही. तो चित्रपट पाहायला आला होता. राज्यभर संताप उसळला आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. संताप योग्य होता; पण त्या शेतकऱ्याच्या बाजूने निदान तिकीट तरी होते. जे तिकीटच काढू शकत नाहीत त्यांच्यासाठी कोणाला संतापावे लागत नाही, कारण त्यांना कोणी अडवल्याचे दिसत नाही. किंमत हा सर्वांत सभ्य द्वारपाल आहे. तो कोणाचा अपमान करीत नाही. माणूस स्वतःच लांबून परत फिरतो.

याचा परिणाम पडद्यावरच्या गोष्टींवर होतो, आणि खरे नुकसान तेथे आहे. पहिल्या तीन दिवसांची मिळकत शहरी मल्टिप्लेक्समधून येणार असेल, तर निर्माता त्याच प्रेक्षकाच्या घरातली, त्याच्या प्रवासातली, त्याच्या न्यूनगंडांतली कथा शोधतो. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना सायंकाळच्या वेळी मराठी चित्रपट दाखवणे सक्तीचे करण्याचे जाहीर केले. त्यावर लेखिका शोभा डे यांनी पॉपकॉर्नऐवजी मिसळ आणि वडापाव मिळणार का, अशा आशयाची खोचक टिप्पणी केली. शिवसैनिक मिसळ-वडापाव घेऊन त्यांच्या घरी पोहोचले. गदारोळ भाषेच्या नावाने झाला, पण त्यातला खरा शब्द वडापाव होता. कोणत्या वर्गाचे खाणे, बोलणे आणि हसणे त्या सभागृहात शोभते, हा वाद होता. अखेर दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेवर तडजोड झाली. वडापाव विकत घेणाऱ्याला ते तिकीट परवडते का, हे कोणी विचारले नाही. उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. २०१६ चा ‘सैराट’ शहरांत चालला, तसाच तालुक्याच्या गावांतील एकपडदा चित्रपटगृहांत तुडुंब चालला. जातीच्या भिंतीवर आपटणारी, करमाळ्याच्या मातीतली ती प्रेमकथा शंभर कोटींच्या घरात जाणारा पहिला मराठी चित्रपट ठरली. ती स्वस्त चित्रपटगृहे नसती तर नागराज मंजुळे यांची कथा महोत्सवांत गाजली असती आणि ज्यांच्याविषयी होती त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचली असती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. महादेवपुऱ्याच्या नाक्यावर काम संपवून बसलेला मजूर आपल्या भाषेतले हवे ते पाहतो. मग चित्रपटगृहाचा आग्रह कशाला? याचे उत्तर फोनच देतो. टिकटॉकवर भारतातील सुमारे वीस कोटी लोक होते आणि लहान गावांतले, कष्टकरी घरांतले असंख्य तरुण त्यावर स्वतः नाचत, गात, नक्कल करीत होते. सुशिक्षित वर्गाने त्यांना हिणवण्यासाठी एक खास शब्दसंग्रह तयार केला. २९ जून २०२० रोजी चीनबरोबरच्या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर ५९ ॲपवर बंदी आली आणि तो रंगमंच एका रात्रीत गेला. निर्णयामागे सुरक्षेचे कारण होते. येथे मुद्दा वेगळा आहे. श्रमिकांच्या करमणुकीची जागा परक्या कंपनीच्या मर्जीवर उभी होती, आणि ती गेल्यावर त्यांच्या बाजूने सार्वजनिक जीवनात फारसे कोणी बोलले नाही. शिवाय फोनवर माणूस एकटा पाहतो. शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकाच क्षणी हसणे हा नागरिकत्वाचाच एक अनुभव आहे. ज्या शहरात मालक आणि मजूर यांची भेट केवळ दाराशी पार्सल देताना होते, त्या शहराला अशा अनुभवाची गरज अधिक आहे.

मग करायचे काय? चित्रपटगृह मालकांची बाजू सरसकट नाकारता येत नाही. भाडे, वीज, कर्जाचे हप्ते त्यांना चुकत नाहीत. व्यवसायाचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (छ) ने दिले आहे. आणि सर्व पडद्यांना, सर्व वारांना, सर्व चित्रपटांना एकच कमाल आकडा लावणे हे प्रशासनाचे सोपे, पण बोथट हत्यार आहे. परंतु त्यांच्याच व्यवसायातला एक आकडा त्यांच्या विरोधात जातो. आघाडीच्या मल्टिप्लेक्स कंपनीच्या सरासरी तीन-चतुर्थांश खुर्च्या रिकाम्या राहतात. २३ सप्टेंबर २०२२ रोजी मल्टिप्लेक्स संघटनेनेच एक दिवस ७५ रुपयांचे तिकीट ठेवले, तेव्हा देशभर सुमारे ६५ लाख लोक आले, असे संघटनेनेच सांगितले. म्हणजे प्रेक्षक आहे, खुर्चीही आहे. मध्ये दर उभा आहे.

म्हणून कमाल दरापेक्षा राखीव स्वस्त जागांचा मार्ग अधिक न्याय्य आणि कायद्यात अधिक टिकाऊ ठरेल. प्रत्येक पडद्यावर, प्रत्येक खेळाला, नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यासकट, पाचवा हिस्सा जागा शंभर रुपयांच्या आत असाव्यात. ऐषारामी पडद्यांना अपवाद नसावा. उरलेल्या जागांचा दर मालकाने ठरवावा. केंद्राने शंभर रुपयांच्या आत ५ टक्के कर ठेवलाच आहे. या जागांवर तो शून्य करता येईल. ही कल्पना परदेशी नाही. तमिळनाडूत पडद्यासमोरच्या काही रांगा दहा रुपयांत देण्याची पद्धत चकचकीत मल्टिप्लेक्समध्येही दीर्घकाळ होती. शिक्षण हक्क कायदा खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना देतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शाळा आणि रुग्णालय यांच्याशी चित्रपटाची तुलना कोणाला अतिशयोक्त वाटेल. पण ज्याने सार्वजनिक सवलत घेतली त्याने सार्वजनिक ऋण फेडावे, हे तत्त्व तिन्हींकडे एकच आहे. ज्या मॉलना करमाफी किंवा वाढीव बांधकामाचा लाभ मिळाला त्यांच्यावर ही अट घालणे अन्यायाचे नाही. परवान्याचे अधिकार राज्यांकडे आहेतच. कर्नाटकाचा १९६४ चा आणि मुंबईचा १९५३ चा चित्रपटगृह नियमन कायदा आजही हाताशी आहे.

दुसरी गोष्ट जागेची. वस्तीजवळ शंभर-दीडशे खुर्च्यांची साधी चित्रपटगृहे उभी राहायची असतील तर पालिकांच्या सभागृहांत, समाजमंदिरांत त्यांना सोप्या परवान्याने जागा मिळाली पाहिजे. केरळने राज्य चित्रपट विकास महामंडळामार्फत स्वतःची चित्रपटगृहे चालवली आहेत. पुणे महानगरपालिकेने १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर बांधले तेव्हा नाटक हा शहराच्या नागरी सुविधांचा भाग आहे असे मानले होते. पाणी, रस्ते आणि रंगमंदिर एकाच अंदाजपत्रकात बसू शकतात, ही ती दृष्टी. परळच्या दामोदर नाट्यगृहाच्या पुनर्विकासावरून कलावंतांना अलीकडे रस्त्यावर यावे लागले, यावरून आपण त्या दृष्टीपासून किती दूर आलो ते कळते.

महादेवपुऱ्यापुढचा प्रश्न आता न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल कायद्याच्या कसोटीवर लागेल. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, दोनशे रुपयांच्या अलीकडे उभा असलेला प्रेक्षक त्यात पक्षकार नाही. त्याची बाजू सरकारने मांडली, पण स्वतःच्या मध्यमवर्गीय अंदाजाने मांडली. लोअर परळमध्ये गिरणी कामगाराची चाळ गेली, मग त्याचा तमाशा गेला, मग त्याचे चित्रपटगृह गेले. आणि अखेर मराठी पडद्यावरून तो स्वतः जवळजवळ नाहीसा झाला. हा क्रम मुंबईत घडायला वीस-पंचवीस वर्षे लागली. महादेवपुऱ्यात श्रमिक वस्ती अजून आहे, मॉलच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिला आत घेण्याचा नियम आज करणे, उद्या तिची आठवण संग्रहालयात मांडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.